बुडी मारायची, पण श्वास घ्यायचा कुठून?

आमच्या इमारतीत एक घर असं आहे, ज्याच्या खिडक्या आषाढातल्या पावसातही सताड उघड्या असतात. चेंदणी कोळीवाड्यापासून हाकेच्या अंतरावर आम्ही राहतो. ठाण्याच्या खाडीकडून वारा सुटला की पाऊस आडवाच येतो, आणि सगळी इमारत धावत जाऊन काचा ओढून घेते. तिसऱ्या मजल्यावरचे काका मात्र खिडकीखाली जुनी चादर अंथरतात आणि काचा तशाच ठेवतात. ऐंशीच्या दशकात ते नौदलाच्या पाणबुडीवर इंजिनरूममध्ये होते. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "पाणी आत आलं तर पुसून काढता येतं गं. हवा आली नाही तर काय करशील?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. आर्किमिडीजचा सिद्धान्त शिकवताना पाणबुडीचं उदाहरण दरवर्षी देते आणि त्यात सगळा भर पाण्यावर असतो. काकांशी बोलायला लागल्यावर लक्षात आलं की मी गोष्ट उलट्या बाजूने सांगत होते. पाणबुडीचा चारशे वर्षांचा इतिहास हा हवेचा इतिहास आहे. इंजिनाला हवा हवी, माणसाला हवा हवी, आणि वर येण्यासाठीही हवाच लागते. ती कुठून आणायची, या एका प्रश्नाची उत्तरं बदलत गेली तशी पाणबुडी बदलत गेली.

आधी बुडण्याचं पाहू. मराठीत 'बुडणं' आणि 'बुडी मारणं' हे दोन वेगळे शब्द आहेत हे फार बरं आहे. जहाज बुडतं, पाणबुडी बुडी मारते. फरक एवढाच, की बुडी मारणारा परत वर येतो. हे कसं जमतं ते मी वर्गात प्लॅस्टिकच्या बाटलीत दाखवते. बाटली पाण्याने काठोकाठ भरायची, पेनाच्या टोपणाला खाली थोडी माती चिकटवून ते आत तरंगत सोडायचं आणि झाकण घट्ट लावायचं. टोपणात हवेचा एक बुडबुडा अडकलेला असतो. बाटली दाबली की तो आक्रसतो, टोपणात पाणी शिरतं, ते जड होतं आणि खाली जातं. हात सैल केला की बुडबुडा फुगतो आणि टोपण वर येतं.

पाणबुडीला बाहेरच्या बाजूने मोठ्या टाक्या असतात, त्यांना बॅलास्ट टाक्या म्हणतात. त्या हवेने भरलेल्या असतात तोवर पाणबुडी तरंगते. वरच्या झडपा उघडल्या की हवा निसटते, खालून समुद्राचं पाणी शिरतं आणि पाणबुडी खाली जाते. वर यायचं तर ते पाणी ढकलून बाहेर काढावं लागतं. त्यासाठी जाड पोलादी बाटल्यांमध्ये प्रचंड दाबाखाली भरलेली हवा टाक्यांमध्ये सोडतात. दर दहा मीटर खोलीला आपल्या वातावरणाएवढा एकेक दाब वाढत जातो. म्हणजे दोनशे मीटरवर बाहेरचं पाणी वातावरणाच्या एकवीस पट दाबाने रेटत असतं, आणि आतल्या हवेने त्याला मागे सारायचं असतं. १९६३ साली अमेरिकेची 'थ्रेशर' ही पाणबुडी १२९ जणांसह बुडाली. तिच्या दाबाखालच्या हवेत ओल होती. ती हवा जोराने सुटताना नळ्यांच्या जाळ्यांवर बर्फ धरला, टाक्या रिकाम्या झाल्या नाहीत आणि ती वर येऊ शकली नाही, असं तज्ज्ञ मानतात. हवा होती, पण वाटेत गोठली.

आता सुरुवातीकडे जाऊ. १६२० च्या सुमारास कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसाने लंडनमध्ये, थेम्स नदीत, चामड्याने मढवलेली लाकडी होडी पाण्याखालून वल्हवत नेली. पुढे रॉबर्ट बॉइलने लिहून ठेवलं आहे की ड्रेबेलकडे एक द्रावण होतं आणि आतली हवा खराब झाली की त्याने ती पुन्हा श्वास घेण्याजोगी होई. त्या द्रावणात काय होतं हा भाग मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. ऑक्सिजन हा शब्दही जन्मायचा होता, तेव्हा पाणबुडी करणाऱ्या पहिल्याच माणसाला पाण्याइतकीच चिंता हवेची पडली होती, हे महत्त्वाचं.

दीडशे वर्षांनी, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, 'टर्टल' नावाचं एक लाकडी पिंप आलं. त्यात एकच माणूस बसे. पायाने झडप उघडून पाणी आत घ्यायचं, हाताने पंप मारून बाहेर टाकायचं, हाताने मळसूत्री पंखा फिरवायचा आणि अर्ध्या तासाच्या हवेत शत्रूच्या जहाजाला खालून सुरुंग लावायचा. १७७६ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या बंदरात एझ्रा ली या सार्जंटने हे करून पाहिलं. सुरुंग काही चिकटला नाही. पण अंधाऱ्या पिंपात, एका हाताने पंखा आणि दुसऱ्याने सुकाणू सांभाळत, मोजून मापून श्वास घेणारा तो माणूस मला डोळ्यासमोर दिसतो.

अमेरिकेच्या यादवी युद्धातली 'हनली' याहून भीषण होती. लोखंडी नळकांडं, आत आठ माणसं, त्यातली सात जण एक लांब दांडा हाताने फिरवत आणि त्यावर पंखा चाले. आत मेणबत्ती लावत. ती मंद झाली की हवा संपत आली असं समजायचं. चाचण्यांमध्येच ती दोनदा बुडाली. दुसऱ्या वेळी, ज्याच्या नावाने ती ओळखली जाते तो होरेस हनली स्वतः आत होता. तरीही तिसऱ्यांदा माणसं तीत बसली. १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री चार्ल्सटनजवळ तिने 'हाउसॅटॉनिक' ही युद्धनौका बुडवली. पाणबुडीने युद्धात जहाज बुडवण्याची ही पहिली वेळ. ती स्वतःही परतली नाही. २००० साली तिला समुद्रतळावरून वर काढलं, तेव्हा आठही जणांचे अवशेष ज्याच्या त्याच्या जागेजवळ मिळाले.

माणसाच्या दंडावर चालणाऱ्या पाणबुडीला मर्यादा होती, म्हणून इंजिन आलं, आणि हवेचा प्रश्न दुप्पट झाला. इंजिनही श्वास घेतं, आणि माणसापेक्षा कितीतरी पट जास्त. जॉन फिलिप हॉलंड या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या शाळामास्तरांनी तोडगा काढला तो पुढची पन्नास वर्षं टिकला. पाण्यावर असताना पेट्रोलचं इंजिन चालवायचं, त्यावरच बॅटऱ्या भरायच्या. पाण्याखाली इंजिन बंद करून बॅटरीच्या मोटरीवर जायचं. अमेरिकेच्या नौदलाने त्यांची बोट १९०० साली विकत घेतली. पेट्रोलच्या जागी पुढे डिझेल आलं. सुरुवातीच्या ब्रिटिश पाणबुड्यांत विषारी वायू ओळखण्यासाठी पिंजऱ्यात पांढरे उंदीर ठेवत. उंदीर मलूल झाला की माणसांनी समजून घ्यायचं.

म्हणजे त्या काळच्या पाणबुड्या खरं तर बुडी मारू शकणारी जहाजं होती. बहुतेक वेळ पाण्यावर, हल्ल्याच्या वेळी तेवढ्या खाली. तरी त्यांची दहशत केवढी होती, ते २२ सप्टेंबर १९१४ ला कळलं. 'यू-९' या एकाच जर्मन पाणबुडीने दीड तासाच्या आत तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या आणि सुमारे १,४५० माणसं गेली. हत्यार होतं टॉर्पेडो, ज्याला आपल्याकडे पाणतीर असा सुरेख शब्द आहे.

दुसऱ्या महायुद्धात विमानांवर रडार आलं आणि रात्री वर येऊन बॅटरी भरणं म्हणजे जीव धोक्यात घालणं झालं. मग जर्मनांनी डच लोकांची एक कल्पना उचलली, ती म्हणजे स्नॉर्केल. पाणबुडी पाण्याखालीच राहते आणि फक्त एक नळी वर काढून इंजिनासाठी हवा ओढते. नळीच्या तोंडावरून लाट गेली की झडप आपोआप मिटते, नाहीतर पाणी आत येईल. इंजिन मात्र थांबत नाही; ते पाणबुडीच्या आतली, माणसांची हवा ओढायला लागतं. क्षणात दाब उतरतो, कानांत कळ येते. लाट सरली की झडप उघडते आणि दाब परत येतो. खवळलेल्या समुद्रात हे तासन्‌तास चालतं. त्या युद्धात जर्मन पाणबुड्यांवर काम केलेल्या सुमारे चाळीस हजार माणसांपैकी जवळपास तीस हजार परत आले नाहीत.

आणि कधी हवेचा रस्ताच पाण्याचा रस्ता होतो. मे १९३९ मध्ये अमेरिकेची 'स्क्वालस' चाचणीसाठी बुडी मारत होती. इंजिनाला हवा पुरवणारी मोठी झडप उघडीच राहिली आणि त्यातून समुद्र आत शिरला. २६ जण गेले. उरलेले ३३ जण सत्तरेक मीटर खोल, अंधारात, थंडीत, कमीत कमी हालचाल करत पडून राहिले. घंटेच्या आकाराची एक बंद कोठडी दोरावरून खाली उतरवून त्यांना चार फेऱ्यांत वर काढलं. पाणबुडीतून माणसं वाचवता येतात, हे जगाला त्या दिवशी कळलं. आपल्या नौदलानेही २०१८ साली मुंबईत खोल पाण्यातून सुटका करणारं छोटं यान दाखल करून घेतलं. बुडालेल्या पाणबुडीच्या हॅचला, म्हणजे वरच्या झाकणाच्या दाराला, ते वरून चिकटतं आणि एका वेळी चौदा जणांना घेऊन येतं.

काकांची पाणबुडी फॉक्सट्रॉट जातीची होती, सोव्हिएत बनावटीची. भारताची पहिली पाणबुडी 'कलवरी' याच जातीची. ८ डिसेंबर १९६७ ला ती रिगा इथे आपल्या नौदलात आली, म्हणून ८ डिसेंबर हा आपल्याकडे पाणबुडी दिन असतो. मग खांदेरी, करंज, कुरसुरा आल्या. कुरसुरा आता विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. मी पाहिली, आणि काका इतकी वर्षं काय सांगत होते ते तिथे कळलं. लांबी ९१ मीटर, म्हणजे आपल्या लोकलचे साधारण साडेचार डबे. हे ऐकायला ऐसपैस वाटतं. पण आतली वाट म्हणजे ऐन गर्दीत दारातून आत सरकताना मिळते तेवढीच. दोन्ही बाजूंना नळ्या, चाकं, झडपा, तबकड्या. सात कप्पे, आणि एकातून दुसऱ्यात जायला गोल भोक, ज्यातून आधी पाय की आधी डोकं हे ठरवावं लागतं. यात सुमारे पंचाहत्तर माणसं, आठवड्यामागून आठवडे. पुढच्या कप्प्यात पाणतिरांच्या शेजारी झोपायच्या फळ्या.

"चार तास पाळी, मग झोप," काका सांगतात. "मी उठलो की त्याच फळीवर दुसरा आडवा होणार. गादी कधी गार झालीच नाही." गोडं पाणी मोजून मिळे, ते पिण्याला आणि स्वयंपाकाला. आंघोळ विसरायची, दाढी विसरायची. डिझेलचा वास कपड्यांत, केसांत, भाकरीत. घरी आल्यावर काकूंनी त्यांचे कपडे तीनदा उकळले तरी वास गेला नव्हता. दिवस-रात्र फक्त घड्याळात. जेवायला काय आहे त्यावरून सकाळ की संध्याकाळ ते कळायचं. आणि जेवणाची एक गोष्ट मला फार लागली. फोडणी बंद! मोहरी तडतडली की धूर होतो, तो धूर जाणार कुठे? मराठी माणसाने फोडणीशिवाय वरण खायचं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

बंद जागेत माणूस गुदमरतो तो ऑक्सिजन संपला म्हणून, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड आधी त्रास देतो. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्के असतो. तो तीन टक्क्यांच्या पुढे गेला की डोकं दुखतं, श्वास जोरात चालतो, चिडचिड होते, साधा निर्णयही चुकायला लागतो. तेव्हाही हवेत ऑक्सिजन सतरा-अठरा टक्के शिल्लक असू शकतो. म्हणून पाणबुडीत दोन कामं वेगवेगळी करावी लागतात: सोडा लाइमसारख्या रसायनाने कार्बन डायऑक्साइड शोषून घेणं आणि रासायनिक कांड्यांमधून ऑक्सिजन सोडणं. शिवाय बॅटऱ्या भरताना हायड्रोजन सुटतो; तो चार टक्क्यांवर गेला तर एक ठिणगी पुरे. आणि बॅटरीच्या आम्लात समुद्राचं पाणी गेलं तर क्लोरिन. एवढ्याशा जागेत चार वायूंवर डोळा ठेवून जगायचं असतं.

या हवेचा माणसाच्या मनावर काय परिणाम होतो, याचं सगळ्यांत मोठं उदाहरण काकांच्याच जातीच्या पाणबुडीवरचं आहे. ऑक्टोबर १९६२, क्यूबाचा पेच. क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ युद्धाच्या टोकाला आले होते. चार सोव्हिएत फॉक्सट्रॉट क्यूबाच्या दिशेने गेल्या होत्या आणि प्रत्येकीत एक अण्वस्त्र असलेला पाणतीर होता. थंड समुद्रासाठी बांधलेल्या या बोटी उष्ण पाण्यात अडकल्या. 'बी-५९' ला अमेरिकन नौकांनी घेरलं. वर येण्याची खूण म्हणून छोटे स्फोट केले जात होते. आत पंचेचाळीस अंशांच्या वर उष्मा, बॅटरी संपत आलेली, कार्बन डायऑक्साइड वाढलेला, माणसं चक्कर येऊन पडत होती. मॉस्कोशी संपर्क नव्हता. वर युद्ध सुरू झालंय असं समजून कॅप्टनने तो पाणतीर सज्ज करायला सांगितला, असं त्या बोटीवरच्या एका अधिकाऱ्याने पुढे सांगितलं. बोटीवर असलेल्या वासिली आर्खिपॉव या अधिकाऱ्याने त्याला शांत केलं, आणि बी-५९ वर आली. मी हा प्रसंग दहावीच्या मुलांना सांगते तेव्हा वर्ग एकदम गप्प होतो. त्या दिवशी जगाचं काय होणार हे, काही मिनिटं तरी, खराब हवेत श्वास घेणाऱ्या दोन-तीन दमलेल्या माणसांच्या हातात होतं.

तोवर अमेरिकेने हवेचा प्रश्न एका बाजूने सोडवला होता. 'नॉटिलस' १७ जानेवारी १९५५ ला पहिल्यांदा अणुऊर्जेवर निघाली. अणुभट्टीत काही जळत नाही, त्यामुळे हवा लागत नाही. उष्णतेने वाफ होते आणि वाफेवर टर्बाइन फिरतं. वीज इतकी असते की समुद्राचं पाणी गोडं करून, त्याचं विघटन करून ऑक्सिजनही बनवता येतो. ३ ऑगस्ट १९५८ ला ती बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोचली. अशा पाणबुडीला वर यावं लागतं ते अन्नधान्य संपतं म्हणून. आपली 'अरिहंत' आणि 'अरिघात' याच प्रकारच्या.

तरीही हवा सूड घेतेच. ऑगस्ट २००० मध्ये रशियाची 'कुर्स्क' ही प्रचंड अणुपाणबुडी पुढच्या भागातल्या स्फोटांनी बुडाली. ११८ पैकी २३ जण शेवटच्या, नवव्या कप्प्यात जिवंत पोचले. त्यांतल्या कोलेस्निकॉव या तरुण अधिकाऱ्याने अंधारात, चाचपडत, जिवंत असलेल्यांची नावं कागदावर लिहून ठेवली. ऑक्सिजन देणारी एक कांडी तेलकट पाण्याला लागली, आग पेटली आणि उरलीसुरली हवा तिने संपवली. श्वासासाठी ठेवलेल्या वस्तूनेच श्वास नेला. काकांना मी हे विचारलं तेव्हा ते उठून खिडकीशी गेले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग डिझेलच्या पाणबुड्या अजून का बांधतात? एक तर स्वस्त पडतात, आणि दुसरं, बॅटरीवर चालताना त्या फार शांत असतात. अणुभट्टीचे पंप सहसा बंद करता येत नाहीत. बॅटरीला आवाजच नाही. पाण्याखाली दिसत काही नाही, सगळा खेळ ऐकण्याचा. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर' या डिझेल पाणबुडीने आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. शांत पाणबुडी काय करू शकते, ते आपण असं शिकलो.

माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या नव्या कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या, २०१७ च्या कलवरीपासून जानेवारी २०२५ च्या वागशीरपर्यंत, अशाच डिझेल-विजेवरच्या आहेत. साडेसदुसष्ट मीटर, म्हणजे लोकलचे तीन डबे आणि थोडं वर. बॅटरी संपत आली की त्यांनाही नळी वर काढावी लागते, आणि नेमकं तेव्हाच त्या सापडण्याची भीती.

यावरचा उपाय ठाणे जिल्ह्यातच तयार झाला, हे माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला माहीत नव्हतं. ठाण्याहून बदलापूर लोकल पकडली की पाऊण तासाच्या आत अंबरनाथ येतं. हजार वर्षांच्या शिवमंदिरासाठी आपण ते गाव ओळखतो. तिथेच डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेची, नौदलाला लागणाऱ्या साहित्यावर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे. तिने इंधनघटावर चालणारी प्रणाली विकसित केली. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आले की वीज तयार होते आणि मागे उरतं शुद्ध पाणी. हायड्रोजनची टाकी पाणबुडीत बाळगणं धोक्याचं, म्हणून तो लागेल तसा आतच तयार करायचा. ऑक्सिजन मात्र द्रवरूपात, घरून डबा न्यावा तसा, भरून न्यायचा. मार्च २०२१ मध्ये जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी यशस्वी झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती पाणबुडीत बसवण्यासाठी माझगाव डॉकशी करार झाला. त्यासाठी पाणबुडी मधोमध कापून एक नवा कप्पा जोडावा लागतो. अशा प्रणालीने संथ वेगात दोन-तीन दिवसांऐवजी दोन आठवड्यांच्या आसपास नळी वर न काढता राहता येतं.

हे सगळं मी उत्साहाने काकांना सांगायला गेले. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि पोरांची हवा?" ती तशीच, म्हटलं. कार्बन डायऑक्साइड शोषायचा, ऑक्सिजन सोडायचा. फक्त आता जास्त दिवस.

"मग वर आल्यावर त्यांना जास्त त्रास होणार," ते म्हणाले. मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं की इतक्या दिवसांनी हॅच उघडतात आणि बाहेरची हवा आत येते, ती पहिल्यांदा सहन होत नाही. खारट, कुजकट, माशांची आणि शेवाळाची, डोक्यात जाणारी. आपल्या डिझेलच्या वासाची इतकी सवय झालेली असते की काही जणांना ताज्या हवेने मळमळतं. "मी पहिल्या खेपेला हॅचखाली उभा राहून ओकलो होतो," काका म्हणाले. "आणि तिथून हललो मात्र नाही."